उशिरा शिकणारा

किल्लीमामांचा जन्म दुसऱ्यांची कुलपं उघडण्यात गेला, त्यामुळे विश्वास असा त्यांचा कुणावर नव्हता. स्वतःचं दार लावलं की दोनदा ओढून बघत, मग कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा एकदा. शेजारच्या दुकानदाराने हसून हाक मारली तरी यांच्या मनात, हा आज एवढा गोड का?

साठी उलटल्यावर मुलीने त्यांना संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात घातलं. नव्या कुलपांबरोबरची पत्रकं वाचता येत नाहीत, हे मामांनाही खुपत होतं. बरं चाललं होतं. एकदा फळ्यावरचं वाक्य त्यांनी न अडखळता वाचलं, तेव्हा बाई कौतुकाने म्हणाल्या, "मामा, तुम्ही खरे ऑप्सिमॅथ." वर्ग हसला.

त्यातला 'मॅथ' मामांच्या कानांनी 'माठ' ऐकला. घरी मुलीला विचारलं. तिने फोनवर बघून सांगितलं, उतारवयात शिकणारा, चांगला शब्द आहे. पण सांगताना ती गालातल्या गालात हसली, आणि मामांनी ताडलं, इथे पाणी मुरतंय. दुसऱ्या दिवसापासून वर्ग बंद. दुकानात किल्ल्या घासताना गिऱ्हाईक इंग्रजीत काही बोललं, की वाटे, आपल्यालाच बोलतंय.

शेवटी राहवेना. वर्ग भरायच्या आधी त्यांनी बाईंना एकटं गाठलं. "खरं सांगा. शिवी आहे ना?"

बाई चपापल्या. शब्द मूळचा ग्रीक, म्हणाल्या. 'ऑप्से' म्हणजे उशिरा, आणि पुढचा भाग शिकण्याचा. गणिताचं इंग्रजी नावही त्याच मुळातून आलंय. मामा जागचे हलले नाहीत. गोड बोलणं त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं.

बाई जरा घुटमळल्या. "ग्रीक लोक मात्र अशा माणसाची टिंगल करायचे. म्हातारपणी शिकतो आणि जिथे तिथे मिरवतो, म्हणून. माझ्या मनात ते नव्हतं, पण शब्दाला तो वास आहे."

मामांच्या कपाळावरची आठी गेली. वाईट बाजू हिने लपवली नव्हती.

"मिरवण्याइतकं अजून येत नाही," ते बाकावर बसत म्हणाले. "धडा कुठवर आलाय?"

वर्षअखेर त्यांनी आकड्यांच्या कुलपाचं पत्रक एकट्याने वाचून काढलं. मग मुलीला सांगितलं, की समजलं सगळं, पण कंपनीने यात काहीतरी दडवलंय.