धुमकिटची बारी

धुमकिटने आमच्या दाराची बेल कधी वाजवली नाही. ती दारच वाजवायची. दोन्ही हातांनी, पंजे पसरून, अगदी ठेक्यात. आमचे हे सोफ्यावरून ओरडायचे, “अगं उघड लवकर, नाहीतर आता दुगुण सुरू करेल!” दार उघडलं की वाटी पुढे करून उभी. ना नमस्कार, ना चमत्कार. “काकू, कणीक.”

तिचं शाळेतलं नाव सायली, पण आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत ते कुणाला आठवायचं नाही. धुमकिट हा पखवाजाचा बोल. ती पखवाज वाजवायची, आणि पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. घर मात्र पक्कं मालवणी. भात नाहीतर तांदळाची भाकरी, गव्हाच्या पिठाला उंबरठ्याच्या आत प्रवेश नाही. समोरच्या दारात मी, पार्ल्याहून लग्न होऊन आलेली, रोज पोळ्या लाटणारी. मग काय, माझ्या परातीवर त्यांचा हक्कच बसला. बरं, फुकटची कणीक मुकाट न्यावी की नाही? “काकू, आज सैल भिजवलीयेस यार. धूम बसणार नाही.” माझ्या सासूबाईंनीसुद्धा माझ्या कणकेला इतकी नावं ठेवली नव्हती.

एकदा साधी कणीक संपली होती आणि पराठ्यांसाठी भिजवलेली मेथीची तेवढी होती. धुमकिट म्हणाली, “दे ती, चालेल.” दहिसरला भजनाची बारी, म्हणजे दोन मंडळांचा सामना, होता. हाताच्या उबेने मेथी-लसणाचा असा घमघमाट सुटला की अभंग गाता गाता बुवांचं लक्ष उडालं आणि कोरस धरणारे सगळे आवंढे गिळायला लागले. दुसऱ्या दिवशी बुवा स्वतः आमच्याकडे आले. मला वाटलं, आता ओरडणार. तर म्हणाले, “वहिनी, थोडे पराठे उरले हत काय?”

बुवा म्हणजे तिचे वडील. अंधेरीला एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन, आणि उरलेला सगळा वेळ भजनी बुवा. पेटी त्यांची, झांज तिच्या आईची आणि पखवाज एके काळी बाळाकाकाचा. बाळाकाका हा बुवांचा धाकटा भाऊ. त्याचा खांदा धरला आणि पखवाज धुमकिटच्या मांडीवर आला, तेव्हा ती अजून फ्रॉक घालत होती. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजाची तक्रार आली की बुवा उत्तर म्हणून ताज्या रियाजाचं रेकॉर्डिंग टाकायचे. आमच्या मागच्या बाजूला नॅशनल पार्क आहे. पलीकडच्या सोसायट्यांत बिबट्या येऊन कुत्री उचलून गेला, आमच्याकडे कधी फिरकला नाही. त्याचं श्रेय बुवांनी वार्षिक सभेत, सगळ्यांसमोर, स्वतःकडे घेतलं.

बाळाकाका एअरपोर्टवर रात्रपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा. झोपायचा कसा, तर पुतणीचा पखवाज कानाशी चालू असेल तरच. तिने हात थांबवला की हा ताडकन उठून बसणार. “काय झाला गो?” त्यामुळे बिचारी एका हाताने पोहे खायची आणि दुसऱ्या हाताने काकाला झोपवायची. तिचा डावा हात इतका तयार कसा, म्हणून लोक विचारायचे. ती म्हणायची, “काकाची झोप आणि आईचे पोहे.”

पण त्या घराची खरी तऱ्हा म्हणजे भांडण. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, टोमणे मारायचे, दुसऱ्याने आपली पाळी येईपर्यंत ऐकून घ्यायचं आणि मग गाऊनच परतवायचं. मध्ये तोंड उघडायचं नाही. या घरात हाच कायदा होता. रविवारी बांगडे आणायचे की कोलंबी, गॅलरीत ओले टॉवेल कुणी टाकले, सगळ्याचा निकाल बारीत. पेटी निघायची, झांज निघायची. बहुतेक वेळा तिची आई जिंकायची, कारण स्वयंपाक तिच्या हातात होता.

धुमकिटचं कॉलेज नुकतंच संपलं होतं, तेव्हा एका बारीला नाशिकचे एक गुरुजी आले होते. तिचं वाजवणं ऐकून त्यांनी तिला बोलावून घेतलं. “हात देवाने दिलाय, पण विद्या अजून बाकी आहे. माझ्याकडे येऊन राहा, चार-पाच वर्षं शिकवतो.” पोरगी हवेत. घरी येऊन सांगितलं, आणि बुवांनी पेटीवरचा फडका झटकत एका शब्दात विषय संपवला. “नाय.”

त्यांचंही खोटं नव्हतं. गणपती तोंडावर आले होते, बाऱ्यांच्या सुपाऱ्या घेऊन झाल्या होत्या. ती गेली तर मंडळाची वाट लागणार, हे आम्हालाही दिसत होतं. पण पोरीचा चेहरा बघवत नव्हता. आठवडाभर ती कणीक न्यायला आली नाही. मी रोज एक गोळा बाजूला काढून ठेवायची आणि रात्री चिडून त्याची पोळी करायची. मग शनिवारी दारावर थाप पडली. “काकू, उद्या सकाळी बारी लावलीय. मी विरुद्ध बाबा. मी जिंकले तर नाशिक. जज तू.”

“मला काय कळतं गं त्यातलं?”

“म्हणूनच. तू कुणाच्या बाजूची नाहीस.”

रविवारी त्यांच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली. एका बाजूला बुवा पेटी घेऊन, दुसऱ्या बाजूला लेक, मध्ये मी मांडी घालून, देवाच्या पाटावर बसल्यासारखी अवघडलेली. तेव्हा लक्षात आलं की घरात पखवाज वाजवणारं माणूस एकच. म्हणजे स्वतःच्या गाण्यालाही तीच वाजवणार आणि विरोधकाच्या गाण्यालाही तीच! त्यात पोरीचा गळा म्हणजे कुकरची शिट्टी. पण बेधडक सुरू झाली:

विहिरीचा बेडूक गातो झकास ।
समुद्राचा वास कळेल का ॥

तिच्या आईने झांज तोंडाशी धरून हसू लपवलं. बुवांनी डोळे मिटले, सूर धरला आणि परतवलं:

समुद्राचे पाणी तोंडी ना धरवे ।
विहिरीचे बरवे गोड पाणी ॥

काय गायले हो! रागाने सुरुवात केली, पण ‘गोड पाणी’वर आवाज कापला. मायेने की भीतीने, देव जाणे. ती ओळ ते परत परत घोळवायला लागले, तान वर वर नेली आणि हिशेब सुटला. सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, जिथे गाणाऱ्याने नेमकं येऊन उतरायचं असतं, ती निसटत चालली होती. बारीत सम चुकली की संपलं. समोरचा तिथेच धरतो. धुमकिटला काहीच करायचं नव्हतं, नुसता सरळ ठेका वाजवत राहायचं होतं, की नाशिक तिचं.

तिने मान वर करून बापाकडे एकदा पाहिलं आणि ठेकाच वाकवला. कुठूनसे दोन-चार बोल जास्तीचे घातले, एकच तुकडा तीनदा वाजवून तिहाई टाकली, आणि बुवा धप्पकन समेवर. मला तेव्हा यातलं ओ की ठो कळलं नाही, हे सगळं मागाहून तिच्या आईने समजावलं. मी ‘वा’ म्हणून मोकळी झाले. पण तिच्या आईची झांज थांबली होती, आणि बुवांनी पेटीवरून हात काढले.

“मी चुकलंय ना गो?”

“हो बाबा.”

“मगे माका पडाक कित्याक नाय दिलंस?”

“मी वाजवत असताना तू कसा पडशील?” ती वैतागून म्हणाली, जणू काय त्यांनी भलतंच काही विचारलं होतं.

बुवांनी पेटीचा भाता हळूच लावून टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, तुमचो निकाल ऱ्हवांदे. जाऊं दे तिका.” आणि मी, जज बाई, त्या सतरंजीवर घळाघळा रडले. सांगायला लाज कसली?

ती गेली. गणपतीत बुवांनी वसईचा एक पखवाजी बोलावला. माणूस चांगला, पण तो सरळ ठेका धरायचा. पहिल्याच बारीत बुवांची सम गेली आणि समोरच्या बुवाने त्यांना असं सोलून काढलं की मांडव हसून लोळला. मला वाटलं, आता बुवा घरी येऊन पोरीला परत बोलावणार.

दसऱ्याच्या सुमारास ते मला लिफ्टमध्ये भेटले. हातात डबा, कामावर निघालेले. दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरला होता आणि ओठांत मात्रा मोजत होते, शाळेतल्या पोरासारखे.

“बुवा, या वयात रियाज?” मी चिडवलं.

“दिवाळीक येतला चेडू,” ते लेकीबद्दल म्हणाले. “माका सांभाळूत बसला तर शिकलेला वाजवतला कधी?”

लिफ्ट तळमजल्यावर आली, दार उघडलं. बुवांचं आवर्तन अजून पुरं व्हायचं होतं. मी दार उघडं ठेवायच्या बटणावर बोट दाबून उभी राहिले.