पोलंडच्या पोथीला कुंकू

"उघडं कपाळ बरं नाही दिसत, भाऊ," असं म्हणत कोठीवाले काका अनामिका कुंकवात बुडवायचे, आणि मी कपाटापाशी डोळे मिटून घ्यायचो. पाहवतच नव्हतं मला!

लढाईच्या काळात कोल्हापूरजवळ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. काका तिथे धान्याच्या कोठीवर कामाला होते, म्हणून परत आल्यावर आमच्या वऱ्हाडातल्या मलकापुरात त्यांचं हे नाव पडलं. छावणी उठली तेव्हा तिथल्या एका मास्तरीणबाईनं आपलं पुस्तक त्यांच्याजवळ ठेवलं. पुढचा ठिकाणा नक्की नव्हता. कुठे स्थिर झाले की नेईन, म्हणाली. त्यांच्या देशाचं जुनं महाकाव्य. चामड्याची बांधणी, सोनेरी कडा, आणि आत चित्रंच चित्रं: मिशाळ जमीनदार, शिकारी, पंगती, घेरदार झग्यातल्या बाया. प्रत्येक चित्रावर झिरझिरीत कागद. काकांच्या घरी उंदीर फार, म्हणून ते मी सांभाळत होतो त्या वाचनालयाच्या कपाटात असे.

दसऱ्याला आपण सगळेच पुस्तकांची पूजा करतो. वर एक फूल, पुठ्ठ्याला एक बोट, संपलं. हे गृहस्थ आतल्या एकूणएक बाईच्या कपाळाला कुंकू लावायचे! तेही तेलात कालवून, दर वर्षी! तेल पाठच्या पानावर उतरलेलं, झिरझिरीत कागद चिकटलेले, खवट वास. शी!

"काका, काऊन नासवून राह्यले हे?"

"बाईचा मालक लढाईवर होता, भाऊ. रोज फाटकापाशी वाट पाहे बिचारी. त्यायच्यात कुंकू लावत नाही. मंग तिच्या पोथीले लावतो. तो जित्ता राह्यला पाहिजे ना?"

"लढाई सरून जमाना झाला!"

"तो आला म्हणून मले कोणं सांगतलं?"

असं म्हणून बोट पुन्हा कुंकवात!

एका दुपारी बाई खरंच आली. विलायतेत राहत होती. छावणीची जुनी जागा पाहून, काकांचा पत्ता काढत मलकापूरला उतरली. सोबत काठी टेकत एक उंच म्हातारा. मी लाजेनं अर्धा होऊन पुस्तक पुढे केलं. पहिलंच तेलकट कपाळ पाहून तिचं तोंड कडू झालं. रुमालानं पुसायला गेली, तर लाल डाग गालापर्यंत पसरला.

"यह क्या किया? माँ की किताब थी!" छावणीत शिकलेल्या मोडक्या हिंदीत ती ओरडली.

काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते म्हाताऱ्याकडे बघत होते.

"ये साब... आपके मालक?"

"पति," ती फणकारली.

काकांनी माझा दंड गच्च धरला. "जित्ता हाय! भाऊ, पाहा ना, जित्ता हाय!"

बाईनं पुस्तक पिशवीत कोंबलं, आणि निरोपसुद्धा न घेता दोघं स्टेशनकडे निघाली.

"सत्यानाश केला तुम्ही पुस्तकाचा," मी म्हणालो.

"हाव," काका डोळे पुसत म्हणाले, "पण जोडीनं गेले ना."

त्याच हिवाळ्यात काका वारले. त्यांच्या चितेपाशी उभा होतो, तेव्हाही माझा राग गेला नव्हता, आणि रडूही आवरत नव्हतं.