दारं धरणारी चिप

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. थोरला मुलगा जाऊन वर्ष झालं होतं. शिरवळला खोलीवर राहायचा, तिथं कावीळ अंगावर काढली. आम्हाला कळलं तवा उशीर झाला होता. त्याच्या पेटीत लहानपणचं टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं मशीन आणि त्याची कॅसेट निघाली. गेम जिंकला की शेवटाला एक गाणं वाजायचं. ते ऐकायला तो आईला चुलीपुढनं हाताला धरून आणायचा. तेवढं गाणं एकदा ऐकवा, म्हणाली बायको. बाकी काही मागितलं नाही तिनं.

उंब्रजला चाळीस वर्षं माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा चौथी, पण बिघडलेली वस्तू कधी दुसऱ्याकडं पाठवली नाही. गेम खेळता येत नव्हता, तोही शिकलो. महिन्याभरात तिसऱ्या टप्प्यावर पोचलो आणि पडद्यावर चित्राच्या चिंध्या झाल्या. दरवेळी तिथंच.

कॅसेट उघडली. आत एक मोठी चिप, शेजारी सोळा पायांची बारकी. चार दिवस बघत बसलो तवा उमगलं. मशीनला एका वेळी थोडंच दिसतं, गेम त्याच्या कितीतरी पट मोठा. म्हणून मोठ्या चिपमध्ये त्याचे तुकडे पाडलेले. आणि बारकी म्हणजे उसाला पाणी पाजताना दारं धरणारा गडी. पाट एकच, हा एका सरीचं तोंड बुजवतो, दुसरीचं फोडतो. गेम पुढं सरकला की गड्याला नंबर सांगतो, गडी तो तुकडा मशीनपुढं आणतो. मशीनला वाटतं आपण त्याच जागी वाचतोय. मागं सगळं बदललेलं असतं. त्या बारक्या चिपच्या एका पायाचं डाख, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटलं होतं, म्हणून पहिले तुकडे लागायचे, पुढच्यांचा नंबर चुकायचा.

बायकोला सांगितलं, आज ऐकवतो. डाख द्यायला रेडिओच्या जाड पत्र्यासाठीची मोठी सोल्डरिंग आयर्नच घेतली. बारक्या टोकाची आणायला हवी होती, हे मला कळत होतं. पण सगळी हयात हिच्यावर गेली, आता काय होतंय, म्हणालो. जरा जास्त टेकली. चिप जळली, खालची तांब्याची रेघही उचलली. पडदा नुसता राखाडी. चिपवरचा नंबर बनवणाऱ्यानंच घासून टाकलेला, म्हणजे तसली दुसरी कुठनं आणायची तेही कळेना.

ही उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"वाजलं का वं?"

"न्हाई. माझ्या हातनं जळलं."

तिनं एक खडा वेचून बाहेर टाकला. "म्हंजी गाणं बी ग्येलं?"

"गाणं हाय. मोठ्या चिपमदी समदं तसंच हाय. त्येला फुडं आणणारं ग्येलं."

"मग तुमाला न्हाई आलं, आसं म्हना की."

उभ्या जन्मात असं मला कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं कराडला गेलो. मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानाचं शटर उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिलो. मालक आला, माझ्या थोरल्याच्या वयाचा. कॅसेट त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "मला न्हाई जमलं. तुमी बगा."