ग्रीसरावांनी धरलेली डिश

ग्रीसरावांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता बायकोशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि चिडली की तीसुद्धा ग्रीसरावच म्हणते. मिसरूड फुटायच्या आत ते क्रेनच्या वर्कशॉपात चिकटले. तिथल्या उस्तादाला कुठे नुसतं ‘कुई’ ऐकू आलं, तरी तो पाठीत धपाटा घाली. तेव्हापासून या गृहस्थाचा हात कायम ग्रीसच्या डब्यात. दारांच्या बिजागऱ्या म्हणू नका, शेजाऱ्यांच्या सायकली म्हणू नका, सगळं कसं लोण्यासारखं फिरलं पाहिजे! पुढे त्यांनी मोटारवाल्या डिशा दुरुस्त करायचा धंदा धरला. रिमोटचं बटण दाबलं की मोटार डिशला हव्या त्या उपग्रहाकडे वळवते, त्या गच्चीवरच्या मोठ्या डिशा. काम चोख, जीभ तिखट. फक्त आपल्या हातूनही चूक होते, हे त्यांना काही केल्या पटायचं नाही.

अशा माणसाच्या नाकी नऊ आणले ते शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या डिशने. बाई एकट्या राहत. मुलगा परदेशी, तिथल्या एका फुटबॉल संघात गोलकीपर. म्हणजे नावाला गोलकीपर, दोन वर्षं नुसता बाकावर बसून. पण येत्या रविवारी तीन वाजता तो पहिल्यांदा मैदानात उतरणार होता, आणि मॅच दिसणार होती ती फक्त पार कडेच्या एका उपग्रहावर.

महिन्याभरापूर्वी ग्रीसरावांनीच ही डिश तेलपाणी करून दिली होती. तेव्हापासून ती जागेवर राहीना. आज नीट लावावी, तर परवा पडद्यावर ‘सिग्नल नाही’ची पाटी. पहिल्या फेरीत त्यांनी सगळे उपग्रह नव्याने लावून दिले. दुसऱ्या फेरीत मोटारीचे फेरे मोजणारा सेन्सर बदलला. तिसऱ्या फेरीत वायर बदलली आणि वाऱ्याला, कबुतरांना, डिश बनवणाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातात खडू ठेवला. “डिशच्या खांबावर आणि डिशला त्याच्याशी आवळून धरणाऱ्या पट्ट्यावर मिळून एक सरळ रेघ मारा. कोण हललं ते तरी कळेल.”

“बाई, मी काय तिसरीतला आहे?” असं पुटपुटत त्यांनी रेघ मारली.

रविवारी अडीच वाजता बाईंचा फोन आला. पुन्हा पाटी! ग्रीसराव धावतपळत गच्चीवर चढले. सगळेच उपग्रह एकाच बाजूला, तेवढेच सरकलेले. म्हणजे मोटारीचं मोजणं बरोबर, अख्खी डिशच फिरली होती. त्यांनी रेघ पाहिली. पट्ट्यावरचा तुकडा खांबावरच्या तुकड्यापासून बोटभर बाजूला गेला होता. त्यांनी पट्ट्याच्या फटीत बोट घातलं. काळंकुळकुळीत, गुळगुळीत ग्रीस! जो पट्टा खांबाला घट्ट आवळून बसायचा, त्यालाच त्यांनी मोठ्या प्रेमाने माखून ठेवलं होतं.

शिडीच्या तोंडाशी बाई उभ्या होत्या. वाऱ्यावर ढकलता आलं असतं. पण त्यांचा चेहरा पाहून ग्रीसरावांची जीभच रेटेना.

“बाई, वाऱ्याचा दोष नाही. मोटारीचाही नाही. गाढवपणा माझा.”

“कबूल केलंत, निम्मे मार्क दिले,” बाई म्हणाल्या. “आता हात चालवा.”

त्यांनी ग्रीस पुसून काढलं, डिश वळवली, सिग्नल आला. मग सगळा राग पान्यावर काढत बोल्ट असा काही पिळला की कट्‌! तुटलाच. दुसरा बोल्ट घरी, आणि तीन वाजायला सहा मिनिटं.

“खाली जा बाई. मी धरतो.”

“अहो, दीड तास?”

“मधली सुट्टी धरून जास्तच. पळा!”

ग्रीसरावांनी मागून डिशला मिठी मारली. खिडकीतून हुकूम सुटू लागले, “डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे! बास, हलू नका!” नाक खाजत होतं, हाताला मुंग्या आल्या होत्या, समोरच्या गच्चीवरची पोरं खिदळत होती. हा माणूस ढिम्म. खालून मधूनच “अरे, पकड!” असं ऐकू आलं की त्यांचेच हात आवळले जात. मग आवाज येईनासा झाला.

बऱ्याच वेळाने गुडघ्यावर हात टेकत बाई वर आल्या.

“बाई, कशाला आलात? मी धरलीय अजून!”

“सोडा आता. संपली.”

“मग? काय झालं?”

“हरले. चार गोल खाल्ले पठ्ठ्याने.” बाई हसत होत्या आणि डोळे घळाघळा वाहत होते. “फोनवर नुसता चेहरा दिसतो हो. आज डोक्यापासून पायापर्यंत पाहिला. बारीक झालाय.”