गच्चीवरचं डांबर

एप्रिलच्या दुपारी स्टुलावर चढून तुमच्या घराच्या छताला कधी हात लावून पाहिलाय?

मी लावलाय. पेणकरपाड्यातल्या जुन्या चार मजली इमारतीत आम्ही सगळ्यात वर राहतो. गच्चीवर डांबराचा काळा थर आहे. दुपारी पंखा गरम हवाच फिरवतो. आईला ब्लडप्रेशर आहे, त्या हवेत तिला चक्कर येते. म्हणून ती चटई घेऊन पहिल्या मजल्याच्या जिन्यात जाऊन बसते. तिथल्या काकू येताजाता म्हणतात, "ताई, जिना तुमच्याच नावावर करून टाकू का?" आई हसते. मला ते हसणं बघवत नाही.

गेल्या वर्षी सोसायटीने दुरुस्ती काढली. गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा लेप द्या, एवढीच आमची मागणी होती. मी पत्रकं वाटतच मोठी झाले. बाबा युनियनचे, त्यांच्या पिशवीत डब्याखाली तीच असायची. म्हणून याही वेळी पत्रकच काढलं, मराठीत आणि हिंदीत, आणि प्रत्येक दाराखालून सरकवलं.

सभेला आम्ही वरच्या मजल्याचे सगळे वेळेवर हजर होतो. बाकी खुर्च्या रिकाम्या. सेक्रेटरी काकांनी घड्याळ पाहिलं. "कोरम नाही. सभा तहकूब." मला वाटलं, आता पुढची तारीख मिळेल, तोवर आणखी घरं फिरू. मीच सगळ्यांना म्हटलं, "चला, आज काही होत नाही."

अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरली. तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला कोरम लागत नाही. खालच्या मजल्यांवरचे पाच जण आले आणि ठराव झाला: गच्चीवर पुन्हा डांबर, बाहेरून आणि जिन्यात चॉकलेटी रंग. मळ दिसत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी काकांना गेटपाशी गाठलं. "बेटा, नोटीस में लिखा था," ते म्हणाले. "इतना लिखती है, थोडा पढ भी लिया कर."

कोरम नसेल तर अर्ध्या तासाने तिथेच सभा, असं लिहिलेलं होतंच. शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात. त्यांना ती पळवाट पाठ होती, याचा राग आहेच. पण वरच्या मजल्याला घरी पाठवलं मी.

यंदाही आई जिन्यातच बसतेय. नव्या चॉकलेटी भिंतीला टेकून.

तुमच्या सोसायटीच्या फळ्यावर सभेची नोटीस लागली असेल, तर आजच खाली जाऊन तिची शेवटची ओळ वाचा. आणि सभा तहकूब झाली तरी तो अर्धा तास खुर्ची सोडू नका.