शाळेच्या रजिस्टरातली साळू

बेबीनंदा खरात १९७४ साली टेंभुर्णीच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली, तेव्हा तिला वाटलं होतं, अवघड जाईल ते पोरांना शिकवणं. पोरं तर आठवड्यात वळणावर आली. अवघड निघाली ती खोली.

गावात खोल्या होत्या. दुपारी बाराला असायच्या, सव्वाबाराला नसायच्या. घरमालक आधी कौतुकानं विचारायचे, "बाई, जालन्याच्या का? बरं, बरं. आडनाव काय म्हन्लं?" खरात म्हटल्यावर जातीचा नीट उलगडा व्हायचा नाही. मग पुढचा प्रश्न, "म्हंजे कोणत्या खरातांपैकी?"

बेबीनंदाला आडून बोलायची सवय नव्हती. "आम्ही बौद्ध," ती सांगून टाकायची. की लगेच त्या खोलीत कुणाचा तरी जावई राहायला येणार असायचा. पंधरा दिवसांत गावात चार जावई येणार होते, आला एकही नाही. बौद्ध वस्तीतली माणसं आपुलकीनं बोलवायची, पण त्यांनाच घरात पाय पसरायला जागा नव्हती. शेवटी ती जुन्या जालन्यातल्या घरून रोज एसटीनं ये-जा करू लागली.

शाळेला लागूनच दोन खणांचं एक घर कुलपात होतं. मालक रखमाजी सहा वर्षांपूर्वी वारलेला. किल्ली पुतण्याकडे, भुजंगकडे.

"रिकामं कुठाय, बाई?" भुजंग म्हणाला. "कडबा हाये त्याच्यात."

"पण घर नावावर कुणाच्या?"

"माझ्याच म्हणा की. चुलत्याच्या मागं कोणीच न्हाई."

दिवाळीच्या सुटीआधी हेडमास्तर सर्जेराव गुरुजींनी तिला जुनी रजिस्टरं लावायला दिली. सुरुवातीची पानं निजामाच्या वेळची, उर्दूतली. पुढची मराठी. १९५० च्या पानावर तिचं बोट थांबलं. मुलीचं नाव साळू, बापाचं रखमाजी. शेरा: 'लग्न झाल्यामुळे नाव कमी.'

"गुरुजी, हे आपल्या शेजारचेच रखमाजी का?"

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. "तेच. एकुलती लेक. तीर्थपुरीला दिल्ती. सासऱ्या-जावयाचं वाजलं अन् येणं-जाणं तुटलं. गाव इसरूनच गेलं तिला."

रविवारी बेबीनंदा तीर्थपुरीला गेली. साळूबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, पण हात थांबवले नाहीत.

"लेकीचं नाव लागत न्हाई, असं भुजंगदादानं बाप गेला तवाच सांगितलं."

"लागतं, अक्का. कायदा होऊन अठरा वर्षं झाली. तुमची आई नाही, भाऊ नाही. मग वारस तुम्हीच."

"अन् तुमाला काय पडलंय एवढं?"

हे उत्तर बेबीनंदानं एसटीत घोकून ठेवलं होतं. "मला ते घर भाड्यानं हवंय. आधीच सांगते, आम्ही बौद्ध. गावात मला कुणी खोली देत नाही." एवढंच घोकलं होतं, पण तोंडातून आणखी निघालं, "तुम्हालाही द्यायची नसेल तर देऊ नका. नाव मात्र लावून घ्या."

आता साळूबाईचे हात थांबले.

"माझ्या बापानं न्हाई दिली असती तुमाला," ती म्हणाली. खरं तेच बोलली. मग शेंगा बाजूला सारत, "पर त्यानं मला तरी काय दिलं? बाई, मागल्या दारी न्हाणी होती. हाये का पडली?"

"मी आत पाहिलेलंच नाही."

"मंग चला, बघूनच येऊ."

ग्रामपंचायतीत भुजंगनं हरकत घेतली. ही रखमाजीची लेक कशावरून? गुरुजी स्वतः रजिस्टर काखेत मारून आले. ग्रामसेवकानं साळूचं नाव मोठ्यानं वाचलं, आणि त्याच दमात खालचंही. खालचं नाव भुजंगचं होतं. दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलेलं. लोक हसायला लागले.

"मी कवा म्हन्लो लेक न्हाई म्हणून?" भुजंग चिडून म्हणाला. "लगीन झालं हाये, एवढंच म्हन्लो!"

महिनाभरानं नाव लागलं. भुजंगला कडबा काढायला दोन दिवस लागले, साळूबाईला झाडायला एक. न्हाणी पडलेली नव्हती.

बेबीनंदा तिथं राहायला आली. शेजारच्या उषाबाई पुढं वर्षभर तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. साळूबाई मात्र दर संक्रांतीला यायची आणि बेबीनंदाच्या हातचा चहा ओसरीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, सावकाश प्यायची.

हळूहळू आजूबाजूच्या गावांत दिलेल्या टेंभुर्णीच्या लेकी विचारायला येऊ लागल्या, "बाई, त्या वहीत माझं नाव हाये का?" दोघींची सापडली. तिसरी, द्वारकाबाई, शाळेत कधी घातलेलीच नव्हती. तिच्यासाठी बेबीनंदाला तिच्या मामापासून सुइणीपर्यंत सगळ्यांना गाठावं लागलं. पण १९७९ च्या उन्हाळ्यात तिचंही नाव बापाच्या घराला लागलं.