चकतीवरची काळी पट्टी

मंगळवार, ९ सप्टेंबर. सकाळपासून ऊन-सावली. बाहेरच्या खोलीचे पडदे धुऊन वाळत घातले. आक्का आणि भाची साडेदहाला आल्या. पाठोपाठ भावोजी व जाऊबाई; भावोजींबरोबर कॅमेरा आणि दोन भिंगं. जेवायला पाच माणसं. फोटो झाला. भावोजींनी चकतीवरची पट्टी स्वतःच्या हातानं काढली.

हे शेवटचं वाक्य उद्या वाचलं तर माझं मलाच खरं वाटायचं नाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवते. शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, आधी घडलं ते लिहा, वाटलं ते मग. तसंच करते. पण भावोजींच्या बाबतीत नुसतं आजचं लिहून भागायचं नाही, जरा मागून यायला हवं.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. नोकरीभर कारखान्यात माप तपासायच्या खात्यात होते. यंत्रातून सुटा भाग बाहेर पडला की तो हातात घ्यायचा, मोजायचा आणि केसभर जरी चुकला असला तरी बाजूला टाकायचा. यंत्रावर विश्वास न ठेवण्याचाच त्यांना पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, अविश्वास तेवढा शिल्लक राहिला. तो त्यांनी कॅमेऱ्याकडे वळवला.

त्यांच्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल चकती आहे. उजेडाचा हिशेब आपण करणार की कॅमेरा, ते ती फिरवून ठरवायचं. भिंगाचं भोक किती उघडायचं आणि किती वेळ उघडं ठेवायचं, हे आपण सांगणार असू तर मॅन्युअल. कॅमेऱ्यावर सोडणार असू तर ऑटोमॅटिक. भावोजींनी कॅमेरा घरी आणला त्याच दिवशी चकती मॅन्युअलवर ठेवली, आणि चुकून हलू नये म्हणून वरून काळी चिकटपट्टी लावून टाकली.

"ऑटोमॅटिकवर फोटो काढणं म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास," असं त्यांचं म्हणणं.

"तुमचं चावून होईपर्यंत समोरचे उपाशी मरतात, त्याचं काय?" असं जाऊबाईंचं.

त्यांच्या इमारतीतली पोरं त्यांना 'थांबाकाका' म्हणतात. कारण माणसांना नीट उभं केलं की ते पहिलं "थांबा!" म्हणतात. मग खिडकीकडे बघतात, भोक लहान करतात, एक फोटो काढून पाहतात, मान हलवतात, भोक मोठं करतात आणि पुन्हा "थांबा!" तोवर चेहऱ्यावरचं हसू विटून जातं, तान्ही मुलं झोपतात. एका निरोपसमारंभात तर सत्कारमूर्तीच कंटाळून घरी निघून गेले, आणि हार घातलेल्या खुर्चीचा फोटो फार सुरेख आला. आमच्या सगळ्या आल्बममध्ये त्यामुळे एकच चेहरा आहे, नुकतीच बस चुकलेल्या माणसाचा.

आमच्या यांचा शेवटचा फोटोही भावोजींनीच काढलेला. तोंड अर्धवट उघडं, एक भुवई वर. "अरे, उरक की आता," यातला 'अरे' तेवढा म्हणून झालाय. येणारे-जाणारे सुचवतात, भिंतीवर लावायला दुसरा बघा. दुसरे आहेत, पण त्यांत हे फोटोसाठी बसलेत. यात घरी बसलेत. मी तोच ठेवलाय.

गेल्या वर्षी भावोजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. भावोजी म्हणाले, "बघू." नेमकं तेच त्यांना जमत नव्हतं. चहा कपाबाहेर ओतायचे आणि हल्ली कप लहान काढतात म्हणून कुरकुरायचे. कॅमेऱ्यावरचे आकडे दिसेनासे झाले तेव्हा भोक लहान-मोठं करायच्या चाकाचे खटके बोटांनी मोजू लागले. खोलीत असलं की चाक इकडे इतके खटके, गच्चीवर असलं की तिकडे इतके. फोकसच्या बाबतीत त्यांनी पूर्वीच तह केला होता, तो आपला आपण लागायचा. उजेड मात्र स्वतःच्या हातात.

त्यांच्या इमारतीचा राखणदार निवृत्त झाला, त्याचे फोटो असे आले की शिट्टीची चमक नसती तर राखणदार कोणता आणि भिंत कोणती ते कळलं नसतं. भावोजींनी दोष ढगांवर ढकलला. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. पेपर नुसता हातात धरून बसायचे. पानसुद्धा उलटायचे नाहीत.

मग जाऊबाईंनी कॅमेरा साफ करायला म्हणून दुकानात नेला. परत आला तो फोटो सुधारूनच. आम्हा सगळ्यांचा गच्चीवर काढलेला तर इतका छान आला की मी म्हटलं, "भावोजी, हा तुमचा सगळ्यात चांगला."

"आत धूळ होती हो वहिनी," ते खुलून म्हणाले. "माझे खटके बरोबरच होते."

जाऊबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

आता आजचं. आक्का म्हणजे आमच्या थोरल्या नणंदबाई. भावोजी लहान असताना आई गेली, तेव्हापासून त्यांना आक्कांनी वाढवलं. आता भाची आक्कांना आपल्याकडे नेतेय, समुद्रापलीकडे, कायमची. पुढच्या आठवड्यात विमान. परत कधी येणार, हा विषय घरात कुणी काढत नाही. आणि इतक्या वर्षांत बहीणभावाचा एकत्र असा एकही फोटो नाही. कसा असणार? भाऊ कायम कॅमेऱ्याच्या मागे. एकदा टायमर लावून ते धावत येऊन बसले होते. त्या फोटोत आक्कांच्या शेजारी भावोजींची पाठ आहे.

"तिकडे भिंतीवर तुझी पाठ लावू का मी?" आक्कांनी आल्या-आल्या विचारलं. "आज तू माझ्या शेजारी बसणार असशील तर काढ. नाहीतर मला फोटो नको."

"मामा, माझ्या फोनवर काढू?" भाची म्हणाली. "एका सेकंदात होईल."

"एका सेकंदात शिंक येते, फोटो नाही."

"मग मी काढते," जाऊबाई म्हणाल्या.

"तू? तुझ्या फोटोत माणसं गळ्यापासून सुरू होतात."

"आज डोक्यापासून सुरू करीन. द्या इकडे."

भावोजींनी दिला नाही. आधी आक्कांना खिडकीपाशी सोफ्यावर बसवलं, पाठीशी उशी दिली. मग कॅमेरा घेऊन चाक फिरवलं, ओठ हलवत खटके मोजले आणि कॅमेरा जाऊबाईंच्या हातात ठेवला. "फक्त हे बटण. बाकी कशाला हात लावायचा नाही." जाऊन आक्कांच्या शेजारी बसले. बसले तोच ऊन गेलं. पडदे नसल्यानं ऊन थेट आत येत होतं, ते जाताच खोली एकदम काळवंडली.

"थांबा!" भावोजी उठले. कॅमेरा घेतला, पुन्हा खटके, पुन्हा बसले. ऊन आलं.

"थांबा!"

"असू द्या हो," जाऊबाई म्हणाल्या. "येईल बरोबर."

"कसा येईल? उजेड बदलला ना! तो काय तुझं ऐकून थांबणार आहे?"

चौथ्या खेपेला आक्का म्हणाल्या, "अरे, लेक तिकडून विमान घेऊन आली, तुझा अजून उजेड येतोय." सगळे हसलो. पण हसता हसता त्यांनी एक हात सोफ्यावर टेकून पाठ उचलली आणि डोळे मिटले. दुखत असलं की त्या तसं करतात.

भाची पुढे झाली. "आई, आत जाऊन पडतेस का जरा? राहू दे फोटो."

भावोजी खोलीच्या मधोमध कॅमेरा धरून उभे होते. एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा आक्कांकडे. मग म्हणाले, "नको, बसू दे तिला. मी ऑटोमॅटिकवर टाकतो."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. भाचीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण बाकीच्यांची तोंडं बघून तिनंही हातातला फोन खाली ठेवला.

"तुम्ही कशाला त्रास घेता, मी काढते पट्टी," जाऊबाई घाईघाईनं पुढे झाल्या.

"मी लावलीय, मी काढीन." भिंगाचं झाकण त्यांनी माझ्या हातात दिलं आणि खिडकीशी जाऊन नखानं पट्टी उचकटायला लागले. पट्टी निघाली. त्यांनी कॅमेरा नाकाशी नेला, उजेडाकडे तिरका केला, अगदी पूर्वी सुटे भाग तपासायचे तसा. मी शेजारीच होते. चकती मॅन्युअलवर नव्हतीच. ऑटोमॅटिकवर होती.

भावोजींनी अंगठ्यानं डोळे पुसले, परत पाहिलं. मग मान वळवून जाऊबाईंकडे. जाऊबाई आक्कांच्या पाठीमागची उशी सरळ करत होत्या. उशी सरळच होती.

भावोजींच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता यायचं नाही. मला राखणदाराच्या फोटोनंतरचे ते दिवस आठवले. वाटलं, आता कॅमेरा टेबलावर ठेवतील आणि पुन्हा कधी उचलायचे नाहीत. आक्कांच्या भिंतीवर पाठच जाणार.

"अरे, झालं का?" आक्का म्हणाल्या.

"घट्ट बसलीय जरा," भावोजी म्हणाले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी चकती खटखट मॅन्युअलवर नेली, क्षणभर तिथे ठेवली, आणि खटखट परत होती तिथे आणली. "झालं. केलं ऑटोमॅटिक."

कॅमेरा त्यांनी जाऊबाईंना दिला. "घे. तुला ठाऊकच आहे सगळं."

जाऊबाई लाल झाल्या. भावोजी जाऊन आक्कांच्या शेजारी बसले. आक्कांनी त्यांची कॉलर नीट केली, जणू शाळेत पाठवायचंय. जाऊबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. आता एक बटण दाबायचं एवढंच. पण त्या थोड्या मागे सरकल्या, थोड्या पुढे आल्या, कॅमेरा खाली घेतला, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या,

"थांबा!"

"आता तुला काय मोजायचंय?" भावोजी ओरडले.

"तुमची मान वाकडी आहे. थांबा म्हटलं ना!"

"घ्या, हिलाही लागण झाली!" आक्का भावाकडे वळून म्हणाल्या आणि त्यांना कोपरानं ढोसलं. तेवढ्यात जाऊबाईंनी कॅमेरा उचलून बटण दाबलं. फोटोत आक्का भावाला बोलतायत आणि भावोजी तोंड उघडून हसतायत. दोघांचीही डोकी आहेत. भाचीला दाखवला तेव्हा ती बराच वेळ कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, हाच मोठा करून द्या. दुसरा नको."

मागून स्वयंपाकघरात मी जाऊबाईंना विचारलं, "कधीपासून?"

"साफ करून आणला तेव्हापासून," त्या भांडी लावता लावता म्हणाल्या. "दुकानातल्या मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, हिरव्या खुणेवर ठेवलं तर अंधारात फ्लॅश टणकन उघडतो. मग लगेच पकडले असते त्यांनी. शेजारची खूण बिनफ्लॅशची, ती ठेवली आणि वर नवी पट्टी चिकटवली. चाक काय, फिरवलं तरी नुसतं खटखटतं."

"भीती नाही वाटली?"

"रोज वाटायची. पण वहिनी, त्यांनी फोटो सोडले असते तर दिवसभर घरात बसून माझ्या पोळ्यांची मापं तपासली असती."

भावोजी चहाचा कप ठेवायला आत आले म्हणून आम्ही गप्प झालो. कप ओट्याच्या अगदी कडेला ठेवला, मी आत सरकवला. ते माझ्याशीच बोलले, बायकोकडे न बघता. "वहिनी, तो गच्चीवरचा फोटो. तुम्ही म्हणालात सगळ्यात चांगला."

"म्हणाले खरी."

"तो काढला कुणी मग?"

"तुम्हीच. आम्हाला उन्हात तेवढा वेळ उभं करायला दुसऱ्या कुणाची छाती होती?"

त्यांनी "हं" केलं. मग जाऊबाईंना म्हणाले, "डॉक्टरांना फोन करून तारीख घे. आधी उजवा डोळा. तो झाला की मी पट्टी परत लावणार आहे, मॅन्युअलवर. आणि त्या वेळी मी चष्मा लावून बघणार आहे."

"बघा की," जाऊबाई म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणतेय?"

जाताना आक्कांनी दारात भावोजींचा गाल ओढला. ते काही फोटोत नाही, म्हणून इथे लिहिते.

पडदे वाळले. घडी करून ठेवले आहेत, लावायचे उद्या. एक कडी सापडत नाही.